पात्याची खालची कड

फेब्रुवारी संपता संपता आमच्या शेडमध्ये
रेझिनचा वास डोळ्यांत जातो.
मी कुलरच्या बॉड्या बनवतो, हिंगणा एमआयडीसीत;
गाळा नंबर सांगत नाही, भाडं थकलंय.
पंख्याच्या पात्याला किती पीळ द्यायचा
हे मला बोटांनी कळतं.
पातं सपाट राहिलं तर हवा जागच्या जागी फिरते,
वारा येत नाही,
नुसती घरघर.

एवढं कळत असून
पोरीचं वल्हं मी सपाट केलं.

दुकानातलं परवडणारं नव्हतं.
उरलेली मॅट, उरलेलं रेझिन, ॲल्युमिनियमचा पाइप,
दोन टोकांना दोन पाती,
मधल्या रेषेच्या वर जेवढी तेवढीच खाली,
टेपनं तीनदा मोजलेली.
अभिमानच होता मला त्या मापाचा.

रुचिता पहाटे साडेपाचला अंबाझरीत उतरायची.
लांब, अरुंद होडी;
आमच्या आजाच्या मागावरचा धोटा
ताण्यातून सरकावा तशी सरकायची.
पण जोर लावला की पातं हातात वळवळे,
पकडलेल्या वांबीसारखं,
या अंगाला, त्या अंगाला, परत या.
"मनगट कच्चं आहे," कोच म्हणाले.
मीही म्हणालो.

आठ महिने
ती वाळू भरलेली बाटली धरून
मनगट वर-खाली करत बसायची
टीव्हीसमोर,
काही न बोलता.

शालिक बावणे बंधाऱ्याशी बसून
जाळ्यातली जलपर्णी सोडवत होता.
वल्हं त्यानं उचललं, तळहातावर तोललं.
"पोरीच्या मनगटाले काय म्हून राहिले भाऊ?
पातं पाहा ना."
आणि स्वतःचं पुढे केलं,
सागवानी, त्याच्या मायच्या हातचं.
खालचा कोपरा झिजून तिरपा गेलेला,
वरची कड मात्र लांब, जशीच्या तशी.
"कोणी तासलं?"
"तलावानं. चाळीस वर्सं लागले त्याले."

मग काडीनं मातीत रेघ ओढून सांगितलं त्यानं.
वल्हं पाण्यात उभं शिरत नाही, तिरपं शिरतं.
खालचा कोपरा आधी भिजतो,
वरचा मागाहून,
म्हणजे दांड्याच्या खाली पातं जास्त, वर कमी;
पाणी जास्तीच्या अंगाला जास्त रेटतं
आणि दांडा मुठीत फिरतो.
"तुमचं सारखं आहे, पण काठावर.
पाण्यात सारखं पाह्यजे."

आणि मधे एक कणा हवा,
माशाला असतो तसा.
सपाट पात्यावर अडलेलं पाणी
एकदा या कडेनं निसटतं, एकदा त्या,
मागे भोवरे सुटतात आळीपाळीनं
आणि पातं त्यांच्यामागे डुलत राहतं.
कणा असला की
दोन्हीकडून एकदमच वाट मिळते त्याला.
एवढं बोलून तो जाळ्याकडे वळला.
चहाचं विचारलं, नको म्हणाला.

त्या रात्री शेडमध्ये ग्राइंडर लावला.
कोपरा कापताना हात अडखळला, खरं सांगतो;
मापात बसलेली वस्तू
मुद्दाम वाकडी करायची सवय नाही.
पुट्टीचा कणा ओढला,
वर पातळ मॅट,
पॉलिश पेपरनं सकाळपर्यंत घासत बसलो.
पंधरा कुलरची ऑर्डर तशीच पडून.

बंधाऱ्यावरून मी पाहत होतो.
पहिल्या दहा हातांत तिनं मागे वळून पाहिलं,
माझ्याकडे नाही, पात्याकडे.
मग गेली ती थेट पलीकडच्या झाडांपर्यंत,
पाण्यावर मागे
लहान लहान खळगे, एक आड एक,
उमटत आणि मिटत.

काठाला येऊन म्हणाली,
"बाबा, वल्हं हललंच नाही.
पाण्यात रोवल्यासारखं उभं होतं.
मीच पुढे गेले त्याच्या."

मनगटाचं तिनं काही काढलं नाही.
मीही नाही.

बाटली अजून टीव्हीशेजारी आहे.
काल ती क्लासला गेल्यावर
उचलून पाहिली, वर-खाली केली चार वेळा.
जड आहे.